कडं

आमच्या अकराव्या देशातलं पहिलं दुकान काब्वेत उघडलं.
‘आमच्या’ म्हणायला मला शिकवलं होतं
जोहान्सबर्गच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणात,
जिथं भिंतीवर अख्खी आफ्रिका होती
आणि तिच्यात रंगीत टाचण्या.
काब्वेची हिरवी.
जवळ जाऊन बघितलं, तर
टाचणीच्या बोंडाखाली गावच दिसेना.

माझं काम टोमॅटो.
म्हणजे, टोमॅटो नाकारणं.
त्यासाठी कंपनीनं दिलं पिवळं प्लास्टिकचं कडं,
खरं तर दोन कडी जोडलेली, एक मोठं, एक लहान.
मोठ्यातून गेला पाहिजे,
लहानातून जाता कामा नये.
बस्स, एवढंच.

बाना म्वाबा, म्हणजे म्वाबाची आई
(तिचं स्वतःचं नाव मी पावतीवर लिहिलं
तेव्हा तिलाच ते परकं वाटलं),
पहाटे दोन पाट्या घेऊन आली.
टोमॅटो तिच्यासारखेच:
खांद्याला रुंद, टाचेला भेगाळलेले,
देठाशी थोडा हिरवेपणा राखून.
एकेक उचलून मी कड्यात धरला.
शंभरात सोळा.
ती म्हणाली, “बाळा, हे खायचेत
की यांची सोयरीक जमवायची आहे?”
मी हसलो नाही. अंगात कंपनीचा शर्ट होता.

उरलेले आले दक्षिणेकडून,
थंड ट्रकमधून, चिरुंडूच्या नाक्यावर
चार-चार दिवस रांगेत उभे राहून.
एका मापाचे, एका रंगाचे,
कवायतीला उभे केल्यासारखे.
चवीचं विचाराल, तर
चवीसाठी कंपनीनं कडं दिलं नव्हतं.

खोटं कशाला बोलू, मला ते दुकान आवडायचं.
ऑक्टोबरच्या काहिलीत आत शिरलं की
कुणी कपाळावर हात ठेवल्यासारखं वाटे.
लोक एक काडेपेटी घ्यायला यायचे
आणि पाऊण तास फिरायचे.
म्वाबाला गल्ल्यावर नोकरी लागली, छातीवर नावाची पट्टी.
पहिल्या पगारात तिनं आईसाठी नेले
आमचेच टोमॅटो, जाळीतले, सहा.
आईनं शिजवले नाहीत, खिडकीत मांडले.
तीन आठवड्यांनीही तसेच.
“मरायचंसुद्धा विसरलेत,” म्हणाली.

दुसऱ्या वर्षी तिनं माझ्याकडून एक कडं मागून घेतलं.
बियाणं बदललं. रोपांमधलं अंतर बदललं.
वाफ्यात बसून माप घ्यायची,
लेकराच्या मनगटाला बांगडी लावून बघावी तसं.
शंभरात सोळा, मग एक्केचाळीस,
मग अठ्ठ्याऐंशी.
मी मुख्य कचेरीला आकडा कळवला,
दोनदा.

उत्तर आलं ते दुसऱ्याच गोष्टीचं.
कंपनी मूळ बाजारपेठेकडे लक्ष वळवत होती.
क्वाचा घसरलेला, भाडं डॉलरात,
आणि भिंतीवरची टाचणी उपटायला
दोन बोटं पुरतात.

पाटी उतरवली तेव्हा मागं भिंत पांढरी राहिली,
अक्षरांच्या आकाराची. अजून वाचता येते.
आत रविवारी प्रार्थना भरते,
दुधाच्या फळ्यांवर भजनांची पुस्तकं.

मी मिनीबसच्या अड्ड्यावर मोबाईलचे रिचार्ज विकतो.
समोर बाना म्वाबा: पाच-पाचांचे मनोरे,
सगळे सारखे.
गिऱ्हाइकं आता वाकडा टोमॅटो उचलतात
आणि परत ठेवतात.
ती तो हळूच चितेंगेच्या गाठीत टाकते, घरी नेते.
“चव यालाच,” मला सांगते. गिऱ्हाइकाला नाही.

कडं असतं तिच्या नातीकडे.
मोठ्यातून हात घालते,
लहानाला डोळा लावून जगाकडे बघते.
काल माझ्यावर धरलं,
एक डोळा मिटून, बराच वेळ,
आणि आजीला ओरडून काहीतरी सांगितलं.
दोघी हसल्या.
तेवढ्यात बस आली, रिचार्जवाले धावत सुटले,
काय ठरलं ते
विचारायचं राहून गेलं.